गाडी पोचली, सहादू नाही

एकलहरे वसाहत, नाशिक रोड
दि. ११ फेब्रुवारी १९८४

चि. सहादू यास,

निवृत्तीदादाचा आशीर्वाद आणि जयभीम. (आशीर्वाद रीत म्हणून लिहिला आहे. मनातून निघत नाहीये, हे आधीच सांगतो.) इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे, पण इकडे कोणी खुशाल नाही. तुझी वहिनी माझ्याशी बोलत नाही, माझी कंबर धरली आहे, आणि आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला असून ती ऑपरेशनला बिलकूल तयार नाही. का तयार नाही ते पुढं लिहितो, आणि त्यात सगळी चूक तुझी आहे. कुवेतची हवा तुला मानवते ना? जेवणखाण वेळेवर कर, तब्येत जप. तू येशील तेव्हा मला तू धडधाकट हवा आहेस, कारण मी तुला बदडणार आहे.

तर तुझी गाडी पोचली. "दादा, साहेबाकडून एक छोटी गाडी घेतली आहे, जहाजाने पाठवतो, तेवढी बंदरातून सोडवून घे," हे तू दोन ओळींत असं लिहिलंस, की जणू एसटीच्या कंडक्टरकडे भाजीची पिशवी दिली आहे आणि मी स्टँडवर जाऊन ती उतरवून घ्यायची आहे. छोटी म्हणजे मला वाटलं चार दारांची, घरगुती, आई मागे पाय पसरून बसेल अशी. तुझ्या त्या इटालियन साहेबाने सहा वर्षं मनसोक्त उडवून मग तुझ्या गळ्यात मारलेली ही लालभडक शर्यतीची वस्तू निघेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. (कंपनीचं नाव मागच्या बाजूला लिहिलं आहे. वसाहतीतल्या कोणालाही ते सलग वाचता आलेलं नाही.) कस्टममधल्या कारकुनाने फॉर्म भरताना विचारलं, गाडीत माणसं किती बसतात? म्हटलं, दोन. घरात किती? म्हटलं, सात. त्याने पेनच खाली ठेवलं. मी वीज मंडळात अठरा वर्षं कोळशाच्या वॅगनी मोजून घेतो आहे, पण इतकी शरम मला कधी वाटली नव्हती.

त्यात तुझं ते मुखत्यारपत्र! अरबीतलं. कारकून म्हणाला, भाषांतर करून आणा. मी एक दिवसाची रजा टाकून नाशकात जुन्या गावातल्या एका मौलवीसाहेबांकडे गेलो. भला माणूस. कागद दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला, मला चहा पाजला आणि मग हलकेच सांगितलं की हे मुखत्यारपत्र नसून शिंप्याची पावती आहे, दोन पँट तयार आहेत, घेऊन जाव्यात. खरा कागद तुझ्याकडून यायला तीन आठवडे लागले. (पँट आणल्यास का?) एवढं होऊनही गाडी सुटेना. मालक कायमचा राहायला परत येतो आहे आणि ही गाडी त्याच्या घरसामानातली आहे, असं लेखी हवं होतं. हमीदार म्हणून सही कोणाची? माझी. तीन प्रतींत. तू परत येणार असं मी सरकारला लिहून दिलेलं आहे, सहादू, हे नीट वाच.

कसारा घाटातून ती ट्रकवर आली. ट्रकवाला नाशिक रोडलाच अडून बसला, म्हणाला आत वसाहतीत यायचं ठरलं नव्हतं. कोळशाच्या जुन्या कन्व्हेअर पट्ट्याचं रबर आणि फळ्या लावून ती कशीबशी उतरवली, तर बॅटरी मेलेली. शेवटी क्रेनवरच्या रंगनाथने गावातून कांद्याचा ट्रॅक्टर आणला आणि दोराने ओढत न्यायचं ठरलं. आई रंगनाथबरोबर ट्रॅक्टरवर बसून आली होती. तिचं एकच, माझ्या लेकाची गाडी हाय, पयली मीच बसणार. आता त्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे, हे तुला ठाऊक आहे, पण नाशिक रोडच्या चौकातल्या हवालदाराला कुठून ठाऊक असणार? त्याला दिसलं ते असं: पुढं ट्रॅक्टर, मागं लाल गाडी, आणि आपल्याकडे जिथं ड्रायव्हर बसतो तिथं पदर डोक्यावर घेतलेली सत्तरीची बाई, उन्हाने डोळे घट्ट मिटून. (पलीकडे स्टिअरिंग धरून मी बसलो होतो, ते त्याच्या लक्षातच आलं नाही.) शिटी फुंकत आला. गाडी इतकी बुटकी, की खिडकीशी पोचायला त्याला वाकावं लागलं, मग आणखी वाकावं लागलं, मग तो जवळजवळ उकिडवाच बसला आणि म्हणाला, आजीबाई, लायसन दाखवा. आई म्हणाली, "मला डोळ्यानं कायबी दिसत नाय बाबा, ह्या निवृत्तीला इचार." तेव्हापासून पार सिन्नरपर्यंत बातमी आहे की एकलहऱ्याची एक आंधळी म्हातारी फॉरेनची गाडी चालवते. परवा आमच्या साहेबांनीही मला केबिनमध्ये बोलावून विचारलं.

वसाहतीच्या फाटकाशी गतिरोधक आहे, तू सायकलवरून ज्यावर दोनदा पडलास तोच. त्यावर तुझी गाडी पोटावर बसली. चारही चाकं नुसती लोंबत होती. कोळसा विभागाची पाळी नुकती सुटलेली, दहा-बारा जणांनी तशाच काळ्या हातांनी उचलून ती पलीकडे ठेवली. (त्यात माझी कंबर गेली.) आता ती क्वार्टरच्या दारात उभी आहे. तिथं तुझ्या वहिनीची मेथी आणि दोन पपया होत्या. वहिनी का बोलत नाही ते आता तुला कळलं असेल.

हे सगळं मी सोसलं असतं. सहादू, राग मला याचा नाहीच. माझी पारसहून इथं बदली झाली तेव्हाचं तुला आठवत असेल: सामानाचा ट्रक पुढं, आणि मी दुसऱ्या दिवशी मागून पॅसेंजरने. या वसाहतीत सगळ्यांचं असंच. ट्रक दारात दिसला की बायका शेजारच्या चुलीवर जास्तीचं पिठलं टाकतात, कारण माणूस वाटेत असतो. आईने तुझी गाडी उतरताना पाहिली (म्हणजे हाताने चाचपली) आणि तिचा हिशेब झाला. सामान आलं, आता सहादू निघाला. त्या दिवसापासून आज एकेचाळीस दिवस झाले, घरात रोज दोन भाकऱ्या जास्त होतात आणि बोंबलाच्या चटणीला कोणी हात लावायचा नाही. तुझं अंथरूण बाहेरच्या खोलीत घातलेलं असतं, त्यामुळे मी स्वयंपाकघरात झोपतो. डॉक्टरांनी तीन वेळा तारीख दिली आणि तीनही वेळा तिने आम्हाला दवाखान्याच्या पायरीवरून परत आणलं. म्हणते, "आधी पोराला येऊ द्या. त्यो आला आन् मी पट्टी बांधून पडलेली, बरं दिसंल का?" डॉक्टर माझ्यावर ओरडले. आता उशीर केलात तर डोळे हातचे जातील, मग माझ्याकडे येऊ नका, म्हणाले. त्यांना मी काय सांगू, की माझ्या भावाने एक गाडी पाठवली आहे?

आणि अशात गेल्या सोमवारी तुझं पत्र. गाडी कशी आहे, रंग उडाला नाही ना, टायरमध्ये हवा बघत जा, आणि अगदी शेवटी, कोपऱ्यात, बारीक अक्षरात, की कंत्राट आणखी दोन वर्षं वाढवून घेतलं. लाज वाटत होती म्हणूनच बारीक लिहिलंस ना? पत्र मी आईला नेहमीसारखं मोठ्याने वाचून दाखवलं. त्या ओळीपाशी आलो आणि वहिनीला नमस्कार असं दुसऱ्यांदा वाचलं. आई म्हणाली, पोराचं वहिनीवर लय ध्यान हाय. आयुष्यात मी तिला कधी काही चुकीचं वाचून दाखवलं नव्हतं. तेही तू माझ्याकडून करून घेतलंस. मला तुझी चीड येते, सहादू. फार चीड येते.

बाकी काय लिहायचं? गाडी विकून टाक, बुडव, तिच्यात कोंबड्या पाळ, मला तिचं तोंड बघायचं नाही.

तुझा मोठा भाऊ (इलाज नाही म्हणून),
निवृत्ती

ता. क. येताना काही आणू नकोस. मागे टॉर्च मागितला होता, तो मात्र आण.

ता. क. दुसरा. गाडीबद्दल वर जे लिहिलं आहे ते रागात लिहिलं. रंगनाथने ट्रकची जुनी बॅटरी जोडून दिली. रविवारी सगळे बाजाराला गेले तेव्हा मी ती फाटकापर्यंत नेली आणि परत आणली. दोनदा. आवाज चांगला आहे. हे वहिनीला कळता कामा नये.

ता. क. तिसरा. काल मी आईला सांगितलं की तुझं तिकीट निघालं आहे, ऑपरेशन होईपर्यंत तू पोचतोस. खोटं बोललो. ती लगेच तयार झाली, पिशवीसुद्धा भरून ठेवली. पाच मार्चला ऑपरेशन, बारा मार्चला सकाळी पट्टी सुटेल. तेव्हा समोर मीच उभा असणार, दुसरं कोण आहे? पण मला ती माहीत आहे. डोळे उघडले की मला बघेल आणि म्हणेल, निवृत्ती, जरा बाजूला सर. मी सरेन. माझ्या मागे तू उभा राहा.