वरच्या मजल्याची जबाबदारी

गुरुवार, २६ मार्च

कालपासून सगळं बंद. टीव्हीवरचा माणूस दर अर्ध्या तासानं तेच तेच सांगतो आहे, जणू आपण मागच्या बाकावर बसलो आहोत. मला काही फरक पडत नाही. बत्तीस वर्षं शाळेचं टाइमटेबल मी लावलं. चौदा वर्ग, तेवीस शिक्षक, आणि एकदाही दोन तास एकमेकांवर आपटले नाहीत. एका बाईचा एक दिवस लावणं म्हणजे हातचा मळ.

लगेच टाइमटेबल करून फ्रिजवर लावलं. सहाला उठणे, साडेसहाला व्यायाम, सातला चहा, आठ ते नऊ वाचन. बोर्डिंगमध्ये असतानाही सिस्टरची घंटा व्हायच्या आधी मी जागी असे. म्हणजे, बऱ्याचदा.

लेकीचा फोन. म्हणाली, आई, तुला एकटीला जमायचं नाही, मी गाडी घेऊन येते. मी म्हटलं, रस्ते बंद आहेत. म्हणाली, मग उघडल्यावर येते आणि घेऊनच जाते, कायमची, फ्लॅटला कुलूप. बराच वेळ वाद झाला. शेवटी असं ठरलं: लॉकडाऊन संपेपर्यंत मी एकटी नीट राहून दाखवलं, तर ती हा विषय पुन्हा काढणार नाही. नाही जमलं, तर मी मुकाट्यानं बॅग भरायची.

किती दिवसांचा प्रश्न आहे? एकवीस!

शुक्रवार, २७ मार्च, सकाळी सव्वाआठ

आत्ताच उठले. व्यायाम उद्यापासून.

शनिवार, २८ मार्च

व्यायाम सोमवारपासून. नव्या गोष्टी सोमवारी सुरू कराव्यात.

सोसायटीच्या सेक्रेटरीचा फोन. एकट्या राहणाऱ्या वयस्कर मंडळींसाठी तिनं एक पद्धत काढली आहे. दोघादोघांच्या जोड्या, आणि रोज सकाळी नऊला एकमेकांना फोन. मला म्हणाली, बाई, तुमच्या वरच्या घड्याळवाल्यांकडे तुम्ही बघाल का, जबाबदार माणूस हवं. जबाबदार म्हटल्यावर मी कशी नाही म्हणणार?

घड्याळवाले माझ्या बरोबर डोक्यावर राहतात. चाळीस वर्षं घड्याळदुरुस्तीचं दुकान. वय चौऱ्याहत्तर. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा दूरच्या शहरात. पुरुषमाणूस, घरात एकटा, त्यात दुकान बंद. बिचारे.

रविवार, २९ मार्च

नऊला फोन केला. एक रिंगही पुरी वाजली नाही, तोच उचलला. म्हणाले, मी आत्ता तुम्हालाच लावत होतो. वाटच बघत बसले होते! मग विचारलं, बीपीची गोळी घेतलीत का. स्वतःच विसरलेले असणार, सरळ सांगायला लाजतात. म्हणून मी फोन हातात धरूनच, ऐकू जाईल अशी, माझी गोळी घेतली. तेवढीच त्यांना आठवण.

मंगळवार, ३१ मार्च

आज विचारलं, बाई, गॅस बंद आहे ना? वयानुसार अशा शंका येतात माणसाला. त्यांच्या समाधानासाठी उठून पाहिलं. योगायोगानं सुरू होता. दूधही योगायोगानं वरच होतं. पातेलं टाकून द्यावं लागलं.

त्यांना सांगितलं, बंद आहे. खोटं नव्हतं. तोवर झाला होता.

गुरुवार, २ एप्रिल

बसवत नाही. आज खुर्ची पाच वेळा हलवली. खिडकीशी बसलं की दार वाजल्यासारखं वाटतं, दाराशी बसलं की खिडकीत काहीतरी घडतंय असं वाटतं. खिडकीत काय घडलं, तर एक कुत्रं रस्त्याच्या मधोमध सावकाश चालत गेलं, साहेब इन्स्पेक्शनला आल्यासारखं.

वर घड्याळवाले येरझाऱ्या घालत होते. बैठकीची खोली ते स्वयंपाकघर, आणि परत. पावलं स्पष्ट ऐकू येतात. मग मीही खाली त्यांच्या बरोबरीनं चालले. त्यांना एकटं वाटू नये. बेचाळीस फेऱ्या झाल्या. मी दम खायला टेकले, तर तेही थांबले. माझी सोबत नसती तर त्यांनी दहासुद्धा घातल्या नसत्या.

सोमवार, ६ एप्रिल

आजपासून त्यांना जेवण पाठवायचं ठरवलं. दोन्ही स्वयंपाकघरांच्या गॅलऱ्या एकाखाली एक आहेत. त्यांनी दोरीनं टोपली सोडली, मी सूपचा डबा ठेवला. सूप जरा खाली लागलं होतं, पण तब्येतीला गरमच चांगलं.

दहा मिनिटांत टोपली परत. माझा डबा रिकामा, घासून लख्ख. शेजारी दुसरा डबा, त्यात गरम भात आणि बटाट्याची भाजी. वरून वाकून म्हणाले, जास्तीचं झालं होतं. एकट्या पुरुषाचा अंदाज चुकायचाच. वाया जायला नको म्हणून मी खाल्लं. अगदी डबा पुसून.

शनिवार, ११ एप्रिल

लॉकडाऊन वाढला. एकवीस दिवसांचं म्हणाले होते. टाइमटेबल असं बदलतात का कधी?

घड्याळवाल्यांचा अंदाज रोज चुकतो आहे. काल तर भात, भाजी आणि उकडलेली अंडी, तीही दोन. काळजी वाटते.

लेकीला सांगितलं, सहाला उठते, व्यायाम करते, सगळं शिस्तीत चाललंय. म्हणाली, मला इकडे बसून सगळं कळतं हं आई. नुसती धमकी. कुणाकडून कळणार?

मंगळवार, १४ एप्रिल

भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं. ह्यांचं लाडकं. आठवड्याला एकदा किल्ली द्यावी लागते. हे असताना दर रविवारी हे खुर्चीवर चढायचे आणि मी खुर्ची धरायची. ह्यांना जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून मी देते. नेमकी कधी दिली होती ते आठवेना, म्हणून आज भरपूर दिली. आत टक् झालं.

घड्याळ काढून खुर्चीवरून उतरताना मी जरा लवकर उतरले. घड्याळाला काही झालं नाही. माझं कोपर निळं आहे.

लगेच वरून फोन. काय पडलं, बाई? मी म्हटलं, पुस्तक. म्हणाले, चांगलंच जाड दिसतंय. मग म्हणाले, आता बर्फ लावा त्या पुस्तकाला.

घड्याळ टोपलीतून वर पाठवलं. म्हटलं, त्यांच्या हाताला काम मिळेल, नाहीतर वेड लागेल बसून बसून. टोपली हलायला लागली आणि माझे प्राण कंठाशी आले. मी खालून सूचना देत होते, डावीकडे, हळू, कठडा सांभाळा. वरून म्हणाले, दोरी मी धरलीये, तुम्ही फक्त श्वास घ्या.

रविवार, १९ एप्रिल

घड्याळ परत आलं. चालू! टोपलीत चिठ्ठी: "दर रविवारी अकरा फेरे. बारावा नाही." बाकी चिठ्ठी कोरी. मी दोन वेळा उलटून पाहिली.

खोलीत टिकटिक सुरू झाली आणि कुणी तरी बाहेरून घरी आल्यासारखं वाटलं. संध्याकाळी खुर्ची एकदाच हलवली.

सोमवार, २७ एप्रिल

मोठा दिवस. घड्याळवाल्यांच्या मुलाचा फोन. सेक्रेटरीकडून नंबर घेतला म्हणे. म्हणाला, काकू, बाबा फोनवर सगळं ठीक आहे एवढंच सांगतात, तुम्ही खरं सांगा.

कुणी विचारलं तरी! मी सविस्तर सांगितलं. गोळीची आठवण मी करते. जेवण मी पाठवते. गॅसबद्दल रोज शंका येतात त्यांना. दिवसभर येरझाऱ्या घालतात. स्वयंपाकाचा अंदाज तर राहिलेलाच नाही. मी आहे म्हणून निभतंय, असंही म्हटलं. उगीच कमीपणा कशाला?

तो म्हणाला, काकू, तुमचे उपकार कसे फेडू. फार बरं वाटलं. दुपारी किती दिवसांनी छान झोप लागली.

शुक्रवार, ८ मे

नऊच्या फोनवर घड्याळवाले मुके मुके. गोळी आणि गॅस विचारून झाल्यावर म्हणाले, मुलगा हल्ली दोनदोनदा फोन करतो, विचारतो, बाबा, आज वार कोणता. मी म्हटलं, प्रेम आहे हो.

व्यायाम एक तारखेपासून राहिला. आता पुढच्या एक तारखेपासून.

सोमवार, १ जून

रस्ते उघडले. लेक येते म्हणाली. पहाटे साडेपाचपासून घर आवरलं. करपलेली तीन पातेली कपाटात साड्यांमागे. बॅग अर्धी भरून पलंगाखाली ठेवली आहे. हरणार म्हणून नाही. तयारी असावी.

रात्री आठ

जिंकले!

लेक मास्क लावून दारातच उभी राहिली, आधी माझ्याकडे बघितलं, मग फ्रिजवरच्या टाइमटेबलाकडे. म्हणाली, आई, मी शब्द पाळते, तू इथंच राहा. मग सांगितलं, मी घड्याळवाल्या काकांना रोज संध्याकाळी फोन करत होते. ते म्हणायचे, तुमच्या आईला कुणाची गरज नाही, घड्याळासारख्या चालतात. सहाला उठतात, व्यायाम करतात, एक गोळी चुकवत नाहीत. तिनं एकदा विचारलं होतं, पडलीबिडली नाही ना. तर म्हणाले, छे, एकदा पुस्तक पडलं होतं.

लेक गेल्यावर बॅग रिकामी करायला घेतली. मध्येच थांबले. रोज संध्याकाळी म्हणजे साठ-पासष्ट फोन. पासष्ट वेळा.

बुधवार, ३ जून

सकाळी खाली गाडी. त्यांचा मुलगा. बाबांना घेऊन चाललाय. कायमचं. फ्लॅटला कुलूप.

जिन्यात भेटले. दोन महिने आवाज आणि टोपली, माणूस समोरासमोर आज पाहिला. वाळले आहेत. काखेत हत्यारांची पेटी. मुलगा हात जोडून म्हणाला, काकू, तुम्ही सांगितलं म्हणून, नाहीतर मला कळलंच नसतं. घड्याळवाल्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणाले, बाई, रविवारी अकरा.

मी म्हटलं, हो.

एवढंच म्हटलं.

गुरुवार, ४ जून

त्यांच्या मुलाला फोन केला. सगळं सांगितलं. गोळी मी विसरते, तुझे बाबा आठवण करतात. गॅस माझा सुरू राहतो. माझं सूप खाण्यासारखं नव्हतं, तेच मला जेवू घालत होते. दोन महिने. खुर्चीवरून मी पडले.

आयुष्यात इतकं खरं एका दमात कधी बोलले नव्हते.

तो हसला. म्हणाला, काकू, तुम्ही फारच मोठ्या मनाच्या आहात. पण बाबांना सांभाळून घेण्यासाठी स्वतःकडे कमीपणा घेऊ नका.

मी म्हटलं, बाबांना फोन दे. म्हणाला, डॉक्टरांनी आराम सांगितलाय.

रविवार, ७ जून

सहाला उठले. खरंच उठले. व्यायाम केला, सहा मिनिटं. कुणाला सांगू?

खुर्चीवर चढून किल्ली दिली. अकरा फेरे. खुर्ची कुणी धरली नव्हती म्हणून उतरायला वेळ लागला.

नऊला वरचा लँडलाइन नंबर फिरवला. तिथं कुणी नाही हे ठाऊक होतं. माझ्या छतातून तो फोन वाजताना ऐकू येत होता. बराच वेळ वाजू दिला.

गोळीचं कुणी विचारलं नाही. गॅसचंही नाही. साडेनऊला दुधाचा वास आला.