दुसरी कोठी

३ एप्रिल १९९५
परवा पाडवा झाला. कडुनिंबाची चटणी केली, चमचाभर. तीही उरली.
मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहते ती मानसी आली. "काकू, माझ्या रव्यात सोंडे झालेत. तुमच्या भिंतीकडून येताहेत." भिंतीलगत धान्याची दुसरी कोठी आहे. लिंपणाला तडा गेलाय, त्यातून रांग. सावकाश चालली होती.
बघते म्हटलं.

५ एप्रिल
बघितलं नाही.
दर साली गावाहून दोन पोती ज्वारी येते. मोठ्या कोठीतली दिवाळीच्या सुमारास संपली. कार्तिकात हे गेले. ही दुसरी यांनीच भरलेली, गेल्या वैशाखात. थरावर थर, मध्ये निंबाचा पाला, तोंडाला शेणमाती. मला हात लावू द्यायचे नाहीत. "तू भाकऱ्या कर, हे मी बघतो."
मी पॅकेटमधली कणीक आणते. नाक्यावर नवं दुकान झालंय, आपल्या हाताने उचलून घ्यायचं. कुणाशी बोलावं लागत नाही.

८ एप्रिल
मानसीच्या नवऱ्याने कीड मारणाऱ्या कंपनीचा माणूस बोलवायचं ठरवलंय. गोळ्या टाकायच्या, झाकण बंद, सगळं मरतं. वास नाही म्हणे. तिचं पोर अजून रांगतं, सापडेल ते तोंडात घालतं. खायच्या धान्यात विष नको, म्हटलं.
"मग काढून टाका ना काकू. एवढं खाणार कोण?"
बरोबर बोलली. आठ दिवस मागून घेतले.

१० एप्रिल
एसटीडी बूथवरून गावी फोन. भाऊजी, यांचे धाकटे. अक्षय्य तृतीयेच्या आत ज्वारी घेऊन येतो म्हणाले. "कोठ्या रिकाम्या आहेत ना, वहिनी?" हो म्हटलं. का म्हटलं कोण जाणे.
शेतात यांचा वाटा कागदावर कुठे नाही. आम्हाला मूलबाळ नाही. पोती येतात म्हणून मी अजून त्या घरची. किडलेली भरली कोठी पाहिली तर पुढच्या साली कशाला आणतील? त्यांचंही चूक म्हणता यायचं नाही.

१२ एप्रिल
वाचनालयातून शेतीचं पुस्तक आणलं. कडक ऊन, चाळण, सावलीत वाळवलेला पाला. यांना हे सगळं न वाचता येत होतं.
उलथन्याने लिंपण फोडलं. वाटलं होतं, काहीतरी होईल मला. काही झालं नाही. वरचा पाला हाताशी चुरला, वास गेलेला. आत कोपरापर्यंत हात घातला. ज्वारी कोमट लागली, कुणी नुकतंच उठून गेल्यासारखी. किडीने धान्य तापतं, पुस्तकात आहे.
हात जरा वेळ तसाच ठेवला.

१३ एप्रिल
गच्चीवर जुन्या साड्या अंथरून ज्वारी पसरली. ऊन चढलं तसे सोंडे काठाकडे पळत सुटले. तिथे मुंग्या टपलेल्या. आपण मारायला लागत नाही. पाखडली, चाळली, सांजेला कोठीत भरली. पाठ दुखते. आज दुपारी रडू आलं नाही, एवढं लक्षात आलं.

१६ एप्रिल
झाकण काढलं तर कुबट वास. आतून घाम सुटलेला. ऊन ऊन भरली होती. निवू द्यायची असते, तेही पुस्तकात होतं, पुढच्या पानावर. मी पान उलटलंच नव्हतं.
पुन्हा गच्ची. मानसी न बोलावता वर आली, पोर कडेवर, एका हाताने पसरायला लागली. पोराने मूठभर तोंडात कोंबली. तिने पाहिलं. "विष नाही ना यात," म्हणाली, आणि मगच बोट घालून काढली.
कंपनीच्या माणसाचा विषय निघाला नाही.

१९ एप्रिल
गिरणीत गेले. गिरणीवाले मौलाभाई म्हणाले, "कित्ते दिनां हुए अम्मा, दिखेच नई." यांचं त्यांना ठाऊक आहे, विचारलं नाही. ज्वारी तळहातावर घेऊन फुंकली, पोकळ दाणे उडाले. किडीवर काही दवा आहे का, मी विचारलं.
"दवा नक्को अम्मा. खानेवाले होना."
आणि पट्टा चालू केला.
सवयीने भाकऱ्या जास्त झाल्या. दोन मानसीला दिल्या. ताटली परत आली ती साखर घालून. भाकरी शिकवा म्हणते. पुण्याची, तिला पीठ मळतानाच दम लागेल.

२२ एप्रिल
पोकळ निघाली ती कबुतरांना. दोन डबे मानसीकडे. राहिली ती रात्रभर निवू दिली, सकाळी भरली. कोठी अर्धी. थरात पाला. किती, ते मात्र कुठे लिहिलेलं नाही. हे मूठ मूठ घालायचे. माझी मूठ लहान, दोनदा घातली.
यांच्या पाल्याचा चुरा तुळशीला. ठेवून काय...

२७ एप्रिल
भाऊजी आले. दोन पोती. पाणीही न पिता कोठ्या उघडल्या.
"रिकाम्या म्हणाला होतात, वहिनी."
त्यांनी हात घालून पाला वर काढला, हुंगला. "दादानं भरलेली?"
"नाही. मी."
जेवताना भाऊजी ताटाकडे बघत म्हणाले, "राग मानू नका. पुढच्या साली एक आणू का दोन?"
मानसीचं पोर उंबऱ्यात बसून भाकरीचा पापुद्रा चोखत होतं.
सकाळी सांगते, म्हटलं.

२८ एप्रिल
भाऊजी आंघोळीला गेलेत. नऊची बस.
एक पोतं मोठ्या कोठीत रिकामं केलं. दुसरं भिंतीशी उभं आहे, तोंड शिवलेलं. सावलीतला पाला अजून सुपात आहे, पुरेल बहुतेक. शिवण उसवायला विळी जवळ घेऊन ठेवलीय.
चहा ठेवलाय. चहा घेताना विचारतील.