धुळीत पेरलेला मका

दोमिंगाताई,

हे पत्र मी टाकणार नाही. पण आता आमचे हेही देवाघरी गेले, तेव्हा लिहायला हरकत नाही.

आज शाळेच्या स्वयंपाकघरात मका-घेवड्याची कचूपा ढवळत होते. नर्सबाईंनी पोरांची वजनं केली, मी यादी वाचली. यंदा एकही मूल कमी भरलं नाही. माझी पणती झिता वाडगा सरकवून म्हणाली, "पुरे गं आजी! डुक्कर पोसतेस का?" बाया हसल्या. मी चुलीकडे तोंड फिरवलं.

त्या दुष्काळात दर्यापार साओ तोमेच्या मळ्यांवर मजुरीला जाताना तू तुझ्या वाटचा मका माझ्या लिनासाठी ठेवून गेलीस. लिना तापाने गेली, असं मी, तेव्हा अक्षर येत नव्हतं म्हणून, पाद्रीबाबांकडून तुला लिहवून कळवलं. ताप नव्हता, ताई. पावसाआधी कोरड्या धुळीत पेरायची आपली रीत. हे म्हणाले, "बी खाल्लं तर वर्षभर काय खाशील?" लिना बांधावर बसून म्हणत होती, "आई, एक मूठ भाज ना." मी तुझा मका पेरत राहिले.

पाऊस आलाच नाही. तिला पुरून आल्यावर मी शेत उकरलं. दाणे जसेच्या तसे होते, अजूनही भाजता येतील असे.

तुझी अपराधी धाकटी,
इझौरा