चाकामागचं संत्रं

नागपूर, सोमवार, दुपारची जेवणं झाल्यावर

पहिले कोण आलं म्हणशील इंदे, तर पोराची आत्या. चारुलताबाई. पाचची वेळ ठरली होती आणि बाई सव्वाचारलेच महाल भागातून ऑटो करून हजर. बरं, पुढून बेल वाजवून यावं, तर तेही नाही, मागच्या अंगणातून सरळ स्वयंपाकघरात. आणि मी तेव्हा कुठं होती, तर तांदळाच्या डब्यात. म्हणजे कोपरापर्यंत हात तांदळात आणि मुठीत गाडीची किल्ली. तिनं किल्ली पाह्यली, तांदूळ पाह्यले, मग माझ्याकडं पाह्यलं आणि अगदी शांतपणे म्हणते, "काय जी ताई, आज किल्लीचा भात टाकता का?" मी म्हटलं, खडे पाहून राहिली. तर म्हणे, मोठाच खडा निघाला.

अन् हो, आशीर्वाद लिहायचा राहूनच गेला. तर चि. सौ. इंदूले ताईचे अनेक आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत, तेल लावते का नुसती बाटलीकडं पाहत बसते, मृगाच्या संत्र्याचा तोडा सुरू झाला का, गोलूची ती नवी गाडी बरी चालून राहिली ना, सगळं सविस्तर कळव. हे सारं फोनवरच सांगतलं असतं, पण तुले डाव्या कानानं ऐकू येत नाही आणि फोन तू डाव्याच कानाले लावते. मग मले ओरडावं लागते, आणि ही गोष्ट ओरडून सांगायची नाही, काहून की तुझे भाऊजी, आमचे नानाजी, घरातच आहेत. माझं अक्षर समजून घे. चौथीतून बाबांनी काढलं तेव्हा बाकी सारं येत होतं, फक्त कुठं थांबायचं ते शिकायचं राह्यलं होतं.

तर किल्ली तांदळात काहून, ते सांगते. काल आपल्या नातीले, मिनलले पाहाले पाहुणे येणार होते. पोराचं नाव पियुष, कम्प्युटरच्या कंपनीत आहे, आई नाही, वडील मनोहरराव आणि ही आत्या, एवढंच घर. फोटोत तर चांगला दिसे. पण तुझ्या भाऊजींचं तुले माहीत आहे. खापरखेड्याच्या बिजलीघरात एकतीस वर्षं त्यांनी साहेबांची जीप चालवली (एका साहेबाच्या चहाचा थेंब सांडला नाही म्हणतात, आता तो साहेब काही सांगाले येत नाही), त्यामुळं माणूस ओळखायची त्यांची एकच परीक्षा. आपली जुनी पांढरी गाडी ओव्हरब्रिजच्या चढावर न्यायची, मधातच थांबवायची, मागच्या चाकामागं एक संत्रं ठेवायचं आणि पोराले म्हणायचं, आता पुढं घे. हाफ क्लच जमला तर गाडी तसूभरही मागं येत नाही आणि संत्रं साबूत राहते. नाही जमला तर रस. आतापर्यंत दोन पोरं पाह्यली आणि दोन संत्री गेली. एक तर तुझ्याच बगीच्यातलं होतं, चांगलं जड. दोन्ही वेळा नानाजींनी चिरडलेलं संत्रं रुमालात आणून ओट्यावर ठेवलं आणि मिनल समजून गेली. त्या दोघांचं तिले काही वाटलंही नाही. पण या वेळी गोष्ट वेगळी. शनिवारी पोरगी माझ्याजवळ येऊन बसली, उगाच माझी बांगडी फिरवून राहिली, आणि मग म्हणे, आजी, मी त्याच्याशी तीन महिन्यांपासून बोलून राहिली, मले तो आवडते, पण त्याले गिअरची गाडी येतच नाही. त्याच्याकडं पहिल्यापासून ऑटोमॅटिक. आता सांग, मी काय केलं असतं? किल्ली तांदळात नाही तर काय देवघरात ठेवली असती? तिथं तर ते रोज आंघोळ करून जातात.

पण माझ्या किल्लीनं काही झालं नाही. पाहुणे आले, सुहासिनीनं (माझी सून, पोह्यात तिचा हात कोणी धरत नाही) तर्री-पोहे दिले, मनोहररावांनी दोनदा घेतले, मिनल चहा घेऊन आली आणि पियुषनं कप उलट्या बाजूनं धरला, म्हणजे मले बरं वाटलं. आणि तेवढ्यात तुझे भाऊजी उठले, सदरा वर केला आणि कमरेच्या करदोट्यातून दुसरी किल्ली काढली. शेहेचाळीस वर्षं संसार केला त्या माणसाशी, करदोट्यात किल्ली असते हे मले काल समजलं. खिशात एक संत्रं आधीच टाकून ठेवलं होतं, देठाले दोन हिरवी पानं असलेलं. "चाल गा पोरा," म्हणाले, "जराशी चक्कर मारून येऊ."

पियुष उभा राह्यला. मिनल दाराशी पांढरी पडली, आपल्या गाडीसारखी. आणि तो पोरगा सरळ म्हणाला, "आजोबा, खरं सांगतो, मले गिअरची गाडी नाही येत जी." नानाजी म्हणाले, ज्याले गिअर नाही येत त्याले संसार काय येईन. हे मात्र मनोहररावांले लागलं. ते तोंडानं गोड, पण पोराचे बाप. म्हणाले, नानाजी, मग आमचीच गाडी घ्या, तिच्यात क्लच नाही, काही नाही, लहान लेकरूही चालवून घेईन. झालं. लहान लेकरू म्हटल्यावर तुझे भाऊजी थांबतात का? त्यांच्या हाती किल्लीही द्या लागली नाही, त्या गाडीले म्हणे बटणच असते.

आम्ही पाच जण बसलो. नानाजी चालवाले, बाजूले पियुष, मागं मनोहरराव, आत्या आणि मी. आत्याच्या मांडीवर सुहासिनीनं बांधून दिलेला संत्रा बर्फीचा डबा (तिनं तो उघडला होता, मी पाह्यलं). पियुषनं बिचाऱ्यानं सांगतलं की आजोबा, दोनच पॅडल आहेत, एक ब्रेक, एक रेस, डावा पाय नुसता बाजूले ठेवा. नानाजी म्हणाले, मले नको शिकवू. आणि गाडी निघाली, खरंच लोण्यासारखी. मी मनात म्हटलं, चला. तर आमच्या वस्तीतल्या, लेआउटच्या पहिल्या वळणावर यांच्या डाव्या पायाले आठवण झाली. इंदे, त्या पायानं एकतीस वर्षं नोकरी केली, वळण आलं की क्लच दाबायचा एवढंच त्याले माहीत. आणि क्लचच्या जागी तिथं ब्रेक, हाताएवढा रुंद. यांनी जो दाबला, तो मनोहररावांचा चष्मा पुढच्या काचेवर, माझं कपाळ सीटवर आणि बर्फीची एक वडी थेट नानाजींच्या कॉलरमध्ये. "ब्रेक कडक आहे," नानाजी म्हणाले. दुसऱ्या वळणावर पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी आत्यानं स्वतःहून डोकं सीटले टेकवून ठेवलं, म्हणे तिथंच तर जायचं आहे. मले असं हसू आलं, पण मी पदर तोंडात धरून ठेवला. काहून की पुढच्या सीटवर तो पोरगा हसत नव्हता. चौथं वळण आलं तसं त्यानं हळूच म्हटलं, आजोबा, इथं मी पण नेहमी जोरातच ब्रेक मारतो, रस्ताच तसा आहे. तिथं रस्त्यात काही नव्हतं, एक कुत्रं होतं, तेही झोपून.

ओव्हरब्रिजवर रविवारची गर्दी कमी होती. नानाजींनी चढावर कडेले गाडी थांबवली. थांबल्यावर गाडी न्यूट्रल करायची ही त्यांची जुनी सवय, हातानं आपोआप दांडी पुढं ढकलली. तोवर पियुषच खाली उतरला, ते दोन पानांचं संत्रं मागच्या चाकामागं ठेवून माझ्या खिडकीजवळ बाजूले उभा राह्यला. आणि मग तुझ्या भाऊजींनी आयुष्यभर केलं ते केलं. डावा पाय हळूहळू उचलला, उजव्यानं हळूहळू रेस दिली. असा सुंदर हाफ क्लच, काय सांगू. फक्त तो क्लच नव्हता, ब्रेक होता, आणि गाडी होती न्यूट्रलमध्ये. इंजिन ओरडलं, आणि गाडी निवांतपणे मागं. हातभरच गेली, मग यांचा डावा पाय पुन्हा धावून आला आणि थांबली. पण तेवढ्यात खालून आवाज आला. संत्र्याचा आवाज मोठा नसते, पण आम्हाले पाचही जणांले ऐकू आला. आणि मग वास आला.

इंदे, त्या घडीले मले हसू नाही आलं. यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच होते. मागून एक ट्रकवाला हॉर्न देऊन राहिला होता आणि हे आरशात पाहत नव्हते, समोरही पाहत नव्हते. मले वाटलं, आता हा माणूस घरी जाऊन आधी मिनलचं लग्न मोडीन आणि मग पांढरी विकून टाकीन. आत्यानं बोलाले तोंड उघडलं, तर मनोहररावांनी तिचा पाय दाबला (त्यांचा पाय मात्र बरोबर पॅडलवर पडला). पियुष खाली वाकला. वर आला तर त्याच्या हातात संत्रं. गोल, पिवळंधमक, कुठं ओरखडा नाही. खिडकीतून नानाजींच्या हाती देऊन म्हणते, "साबूत आहे जी आजोबा. चाकाच्या बाजूनं निघून गेलं."

नानाजींनी ते संत्रं हातात घेऊन फिरवून पाह्यलं, देठ वर करून पाह्यला. देठाले एकही पान नव्हतं. मग त्यांनी दार उघडलं, उतरले, पलीकडून फिरून डाव्या सीटवर येऊन बसले आणि म्हणाले, "चालव गा तू." डाव्या सीटवर बसलेलं मी त्यांना लग्नानंतर पहिल्यांदा पाह्यलं. रस्ताभर बाहेर पाहत बसले आणि ते संत्रं सोलून एकेक फोड मागं देत राहिले. आत्याले दिली, मनोहररावांले दिली, मले दिली, गाडी चालवणाऱ्याच्या तोंडासमोर धरली. दोन फोडी मुठीत ठेवल्या. घरी आल्यावर मिनल ओट्याजवळ उभी होती, रुमालाची वाट पाहत. यांनी तिच्या तळहातावर त्या दोन फोडी ठेवल्या आणि हात धुवाले निघून गेले. पोरीनं फोडींकडं पाह्यलं, माझ्याकडं पाह्यलं, आणि बियांसकट खाऊन टाकल्या. मी नळावर टॉवेल द्याले गेली तर नानाजी कॉलरमधली बर्फी काढून राहिले होते. म्हणाले, "पोराले हाफ क्लच येते." एवढंच. वडी खाऊन टाकली.

तर असं झालं. मोठ्यांले नमस्कार, लहानांले पापा, आणि गुडघ्यांले तेल.

तुझी ताई,
प्रेमिला

ता. क. : हे पत्र सुहासिनीच्या भावाच्या हाती पाठवून राहिली, तो उद्या काटोलच्या बाजारात येते. त्यानं वाचलं असेल तर चिकटवलेलं फाटलेलं दिसन, तसं असेल तर त्याले चहा देऊ नको.

आणखी एक, हे मिनललेही सांगतलं नाही. ते दुसरं, बिनपानांचं संत्रं माझं. खिडकीतून खाली हात सोडून मीच धरलं होतं. आधीच्या दोन्ही वेळा मी पिशवीत एक जास्तीचं नेलं होतं आणि पोरगं रस पाहाले खाली उतरलं की दोन्ही वेळा असंच खिडकीतून धरलं होतं. पहिल्या पोरानं सोलून खाल्लं. दुसरा म्हणाला, नको आजी, मले खोकला आहे. यानं माझ्याकडं पाह्यलंही नाही, नुसतं घेतलं. म्हणजे परीक्षा नानाजींची होती, पण पास मी केला.

अन् हे तर कोणालेच सांगू नको. दुसऱ्यांदा चहा होऊन राहिला तेव्हा मी पियुषले म्हटलं, मले त्या सीटवर नुसतं बसून पाहू दे. त्यानं लेआउटच्या टोकाचा रिकामा प्लॉट दाखवला, आणि इंदे, मी गाडी चालवली. ब्रेकवरून पाय काढला की ती आपली आपण चालते, संध्याकाळच्या बैलासारखी. कडुलिंबापर्यंत गेली, थांबली, पुन्हा आली. एकही गचका नाही. नानाजींचा डावा पाय शिकलेला, म्हणून त्यांना अडचण. माझा अडाणी, तो गुपचूप बसून राह्यला. इतकी वर्षं मले पांढरीचं स्टिअरिंग पुसायची तेवढी परवानगी होती.

म्हणून हे पत्र. गोलूच्या नव्या गाडीलेही दोनच पॅडल आहेत ना? तर बुधवारी ती गाडी घेऊन गोलूले इकडं पाठव आणि दोन दिवस गाडी इथंच राहू दे. विचारलं तर म्हणावं, नागपुरात टायर दाखवायचे आहेत. मी एकटीसाठी नाही म्हणून राहिली. आज सकाळी तुझे भाऊजी भिंतीकडं पाहून मले म्हणाले, इंदूच्या गोलूची गाडी कोणती वं? त्यांना प्लॉट मोकळा पाहिजे आणि कोणी पाहाले नको. पहिले मी शिकीन, मग त्यांना शिकवीन. डिक्कीत एक पेटी संत्री टाक, पानासकट, काहून की पियुष नानाजींजवळ पांढरीवर गिअर शिकणार आहे आणि ओव्हरब्रिज काही सपाट झालेला नाही. पण उशीर करू नको. पाहुणे बोलणी पक्की कराले शनिवारी पाच वाजता येतो म्हणून गेले आहेत, म्हणजे आत्या सव्वाचारले.