गोल उशीबद्दल खुलासा

तीर्थरूप ताई,

धाकट्या भावाचा आडवा नमस्कार. (साष्टांगच घालणार होतो, पण मी आधीच गादीवर उताणा पडून लिहितो आहे आणि उताण्या साष्टांगाला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. मनातून पालथा आहे असं समज.) तुझी कंबर कशी आहे? दाजींचा खोकला? त्यांच्या खोकल्याची मला फार काळजी वाटते, कारण तो थांबला की ते बोलायला लागतात. इकडे आम्ही सगळे खुशाल. तुझी लेक तर इतकी खुशाल आहे की त्याचाच खुलासा करायला हे पत्र लिहावं लागतंय.

तुझं रागाचं पत्र मिळालं. पोरगी मामाच्या दुकानात हवेत उड्या मारते, असं कुणीतरी तुला कळवलं म्हणे. बातमी अर्धवट आहे. उड्या ती हवेत मारते हे खरं, पण पडते गादीवर, आणि गाद्यांच्या दुकानात गादीवर पडू नये असा नियम मी तरी केलेला नाही. (केला असता तर पहिला दंड मलाच झाला असता.) आता पहिल्यापासून सांगतो. मध्ये डोळा लागला तर अक्षर जरा उतरतं दिसेल, तेवढं सांभाळून घे.

भिंगरीला चौदावं लागलं, आता फुटबॉल पुरे, असं दाजींनी ठरवलं. बॉल माळ्यावर गेला. पोरीला मामाकडे पाठवू, शिवण शिकेल, चार माणसांत बसायला शिकेल, शांत होईल, असं तू लिहिलं होतंस. ताई, ती शांत होऊनच आली. तुला आमचं दुकान माहीत आहे. दुपारी कापूस पिंजायचं यंत्र बंद झालं की बारीक बारीक तंतू हवेत तरंगत राहतात. खिडकीतून तिरपं ऊन येतं, त्या उन्हात ते वर चढतात, थांबतात, विचार करतात, पुन्हा चढतात. अशा वेळी मी जागा आहे की झोपलोय हे मला स्वतःलाच विचारावं लागतं (उत्तर येईपर्यंत झोप लागते). त्या पिंजलेल्या कापसाच्या ढिगावर भिंगरी छताकडे बघत नुसती पडून असायची. हाक मारली की जेवायला यायची, ताटातलं इकडचं तिकडे करायची आणि परत ढिगावर. अंगावर कापूस बसायचा, तोही झटकायची नाही. आपण हिला भिंगरी म्हणायला लागलो ते काही उगाच नाही. ती भिंगरी अशी थांबलेली मला बघवेना. तुझ्या पत्राची मला भीती नव्हती, त्या गप्पपणाची वाटायला लागली.

म्हणून तुझी आज्ञा पाळून मी तिच्या हातात सुई दिली. गाद्यांना टाके घालणाऱ्या आमच्या दाभणमावशी आहेत (हे नाव हातातल्या दाभणावरून पडलं की जिभेवरून, यावर कारागिरांत दोन तट आहेत), त्यांनी तिला उशीची खोळ शिवायला शिकवली. टाका सुरेख घालते हो पोरगी. फक्त कोपरे जमेनात. दर खोळ आधीच्या खोळीपेक्षा जरा जास्त गोलसर निघायची आणि शेवटी एक अशी निघाली की तिला कोपराच नव्हता. तिनं त्यात ठासून कापूस भरला, तोंड शिवून टाकलं. मी विचारलं, "हे काय गं?" ती म्हणाली, "उशी." आल्यापासून तिच्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द. मामा होऊन तो मी कसा खोडून काढणार? तेव्हा ताई, हे वाक्य दाजींना मोठ्यानं वाचून दाखव: तुम्ही मनाई बॉलला केली होती, आणि या घरात बॉल आलेला नाही. आहे ती गोल उशी आहे.

ती उशी मी सहज तिच्याकडे भिरकावली. माझा नेम तू जाणतेस, ती बरीच बाजूला गेली. आणि भिंगरी ढिगावरून उठली नाही, उडाली. हात लांब, वेणी मागे, अंग सगळं आडवं, भोवती कापसाचे तंतू आणि मधून ते ऊन. वाटलं, ही आता खाली येणारच नाही. मग उशी छातीशी धरून ती दुहेरी गादीवर उतरली. धप्पकन आवाजसुद्धा झाला नाही, नुसता एक सुस्कारा ऐकू आला. गादीचा की माझा, कोण जाणे. "परत टाक," ती म्हणाली. मी परत टाकली. त्या दिवशी एकही गादी भरून झाली नाही.

मग औषधवाल्याची मुलगी आली, दूधवाल्याच्या दोघी आल्या, त्यांच्या मैत्रिणी आल्या. घरी सगळ्यांनी सांगितलं होतं की शिवण शिकायला जातो. दुपारी दुकानात गाद्या अंथरायच्या, दोन लोड उभे करून गोलपोस्ट करायचा आणि खेळायचं. कापसाची उशी, अनवाणी पाय, खाली गाद्या, त्यामुळे त्या खेळाला आवाजच नव्हता. पोरी उडायच्या, पडायच्या, हसू यायचं ते तोंडावर हात ठेवून दाबायच्या. मी गल्ल्याशी बसून पेंगत असायचो, डोळा उघडला तरी तेच दिसायचं आणि मिटला तरी तेच. (एका नव्या नवरीच्या गादीवर टाचेचा खड्डा पडला. तिच्या सासूबाई भांडायला आल्या, तेव्हा मी म्हटलं, हा पायगुण समजा. सासूबाई विचारात पडल्या आणि गादी घेऊन गेल्या.) दाभणमावशींनी सुरुवातीला फार कुरकुर केली. मुलींनी अशा तंगड्या उडवणं शोभतं का, आमच्या वेळी असं होतं का, वगैरे. एकदा उशी घरंगळत त्यांच्या पायाशी गेली. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, लुगडं घोट्यावर घेतलं आणि जी लाथ घातली, ती उशी लोडांमधून थेट आत! चप्पल माळ्यावर गेली, ती अजून सापडलेली नाही. तेव्हापासून मावशी आमच्या मार्गदर्शक आहेत.

दाजी म्हणतील, हे पोरींचं काम आहे का? त्यांना सांग, तुमचा मेव्हणा इतकी वर्षं सुईदोऱ्यावर पोट भरतो, उशांना झालरी लावतो, पण त्याला कुणी दंडाला धरून म्हटलं नाही, की चल घरी, हे बाप्यांचं काम नव्हे. मला जे सहज मिळालं ते तिला मिळावं, यापलीकडे माझं म्हणणं नाही.

पुढे काय झालं, की इथल्या शाळेचे मुख्याध्यापक कंबरेसाठी कडक गादी घ्यायला आले. आमची पद्धत अशी, की गिऱ्हाइकानं आधी गादीवर पडून बघायचं. सर कोट घालूनच पडले आणि घोरायला लागले. त्यांच्या घोरण्यानं मलाही गुंगी आली. पोरी बिचाऱ्या कापसाच्या पोत्यांमागे कितीतरी वेळ दबा धरून बसल्या होत्या, त्यांना राहवेना. खेळ सुरू झाला. मी डोळे किलकिले करून बघतो तर सरांचेही डोळे किलकिले आणि बरोबर त्यांच्या पोटावरून, हातभर उंचीवरून, भिंगरी उशी झेलत चालली होती. सरांनी डोळे मिटून घेतले. जरा वेळानं उघडले. पुन्हा कुणीतरी वरून गेलं. ती त्यांच्याच शाळेतली औषधवाल्याची मुलगी होती, वर्गात जी मान वर करत नाही म्हणून ते तिच्या बापाजवळ तक्रार करायचे.

सर उठून बसले. पोरी थिजल्या. माझी झोप उडाली (दुर्मीळ गोष्ट म्हणून लिहून ठेवतो). सरांनी कोटावरचा कापूस झटकला आणि हळूच विचारलं, "शाळेत कधी तुम्हाला असं उडताना पाहिलं नाही?"

"शाळेत आम्ही कडेला बसतो, सर," औषधवाल्याची मुलगी म्हणाली. "मुलांचे डबे सांभाळायला."

"मैदान कडक असतं, बाळ. पडलात तर लागेल."

"पडता येतं आता, सर," भिंगरी म्हणाली. "पळायला जागा पाहिजे."

ताई, तुझी लेक सरांच्या डोळ्यांत बघून बोलली. सर गादीवरून उठले. मग म्हणाले, शनिवारी संध्याकाळी मुलांबरोबर खेळून बघा. आणि गादी न घेताच गेले. (दुसऱ्या दिवशी शिपाई पाठवून नेली.)

शनिवारी सगळं गाव मैदानाच्या कठड्यावर येऊन बसलं होतं. शिवणाचं बिंग फुटलंच होतं, त्यामुळे आया तर पोरींना ओढून न्यायच्या तयारीनं आल्या होत्या. आणि खरा बॉल उसळतो, हे आमच्या पोरी साफ विसरल्या होत्या! त्या खाली बघायच्या आणि तो डोक्यावरून जायचा. गोलावर गोल होत गेले, कठड्यावर हशा पिकला. मग एका दांडगट पोरानं जवळून बॉल हाणला आणि तो अडवायला भिंगरी त्या दगडासारख्या जमिनीवर आडवी पडली. आवाज झाला, ताई. हाडांचा आवाज असतो तसा. ती उठेना. मी उशी घेऊन धावत सुटलो (उशी का घेतली होती ते विचारू नकोस), तर ती कोपरावर रेलून उठली. कोपर सोललेलं, तोंडावर धूळ आणि बॉल पोटाशी गच्च. तिनं माझ्याकडे बघितलं आणि हसली. आल्यापासून मी जिची वाट बघत होतो ती भिंगरी मला तिथे, त्या धुळीत भेटली.

आपण हरलो. किती गोलांनी, ते आम्ही मोजायचं सोडून दिलं. पण औषधवाल्याच्या मुलीनं एक गोल केला, आणि त्या एका गोलासाठी पोरी इतका वेळ नाचल्या की मुलांना कमरेवर हात ठेवून ताटकळत उभं राहावं लागलं. ओढून न्यायला आलेल्या आया काळोख पडेपर्यंत हलल्या नाहीत. आता शनिवार आणि बुधवार मैदान मुलींचं आहे. डबे मुलं आपापले सांभाळतात. शेजारच्या गावच्या मुलींनी पुढल्या महिन्यात सामना मागितला आहे, तोवर भिंगरीला नेऊ नका. दाजींना यायचंच असेल तर सामन्याला यावं. त्यांच्यासाठी कठड्यावर गादी टाकतो.

तुझा धाकटा, आळशी, पण या वेळी जागा असलेला,
भाऊ

ता. क. भिंगरीनं पत्र वाचलं आणि मान हलवली. म्हणते, खरं काय ते लिही. तर खरं असं, की मी उशी घेऊन धावलो तो मैदानातच सपशेल आपटलो, नेमका उशी सोडून. आपला तो गोल झाला तेव्हा मुलांचा गोलकीपर माझ्याकडे बघून पोट धरून हसत होता. तरी गोल तो गोलच.

पुन्हा ता. क. वर सगळ्यांची चौकशी केली, भिंगरीच्या धाकट्या बहिणीची मुद्दामच केली नाही. केली असती तर तुला पहिल्याच ओळीत संशय आला असता. ताई, सामन्याला अकरा लागतात आणि आम्ही दहाच आहोत. आणि आमच्यात डाव्या पायाची एकही नाही. धाकटी रागावली की डाव्या पायानं दार लोटते आणि कडी निखळते, असं भिंगरी सांगते. पोरीला वळण लावायची फार गरज दिसते. पहिल्या गाडीनं माझ्याकडे पाठव.