फटफटीचा दम आणि तुमची बहीण

मुक्काम वाडी, घाटनांदूरशेजारी
बहमन महिना, फसली १३३७

तीर्थस्वरूप सुंदररावदादा यांस तुमच्या मेहुण्या बंकटचा दोन्ही हात जोडून नमस्कार. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, आणि तिकडे केजेला तुम्हीही असाल असं धरून चालतो. तुमच्या गुडघ्याचं दुखणं थंडीनं वाढलं असेल, तर एरंडाचं पान गरम करून बांधावं. साखराबाई वहिनींचा खोकला उतरला का, ते कळवावं. आमच्या मातोश्री छबुबाई तुम्हा दोघांची रोज आठवण काढतात. (तुम्ही मागे धाडलेल्या सुपारीचीही काढतात, ती संपली आहे.)

तुमचं पत्र पोचलं. त्यात शेवटच्या ओळीत तुम्ही विचारलंत, की फटफटी चालते की ढकलावी लागते. हा प्रश्न तुम्ही बाकीच्या मजकुरापेक्षा मोठ्या अक्षरात लिहिलात, हे माझ्या नजरेतून सुटलेलं नाही. त्याचं उत्तर दोन शब्दांत देता आलं असतं, पण दोन शब्दांत दिलं तर जे घडलं त्याचा मान राहणार नाही. म्हणून सविस्तर लिहितो. गुडघा शेकत निवांत वाचावं.

मोमिनाबादच्या छावणीतले एक गोरे साहेब विलायतेला परत निघाले, त्यांच्याकडून मी ती घेतली, हे तुम्हाला ठाऊक आहेच. घाटनांदुरापासून मोमिनाबादेपर्यंत अशी दुसरी गाडी नाही. ती पहिल्यांदा वाडीत शिरली तेव्हा बबनराव पोलीस पाटलांची घोडी दावं तोडून गेली आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी सापडली. (बबनराव अजून ते विसरलेले नाहीत. पुढं त्या घोडीचा आणखी एकदा संबंध येणार आहे.) मी डोक्याला पटका, डोळ्याला निळा चष्मा, अशा थाटात वेशीपासून मारुतीपर्यंत दहा चकरा मारल्या, आणि खोटं कशाला सांगू दादा, माझी मलाच दृष्ट लागेल असं वाटलं.

पण दुसऱ्याच आठवड्यात गाडीला एक दुखणं जडलं. हळू चालवली तर गोगलगाईसारखी गुणी. मुठीजवळचा खटका थोडा दाबला की पळायची. मात्र खटका पुरता दाबून जोर मागितला, की अर्ध्या मैलात तिचा दम जायचा. आधी खोकायची, मग हुंदके द्यायची, मग चढावर मधेच उभी राहायची. जोर जितका जास्त मागावा तितका ती कमी द्यायची. थोडा वेळ झाडाखाली उभी केली की पुन्हा शहाण्यासारखी चालू.

मी काही हात बांधून बसलो नाही. हिंडता-फिरता माणूस आहे, चार यंत्रं पाहिलेली आहेत (दोन पाण्याची, एक पिठाची, एक शिवायचं). पहिल्यांदा दम गेला तेव्हा मी टाकीचं टोपण काढलं, कडब्याचं चिपाड आत बुडवून पेट्रोल आहे याची खात्री केली, टोपण लावलं, आणि मग ठिणगी पाडणारा पलग काढून राखेनं घासला. गाडी लगेच मैलभर पळाली. मी चावडीवर सांगितलं, पलगाची काजळी होती. दोन दिवसांनी पुन्हा दम गेला. पुन्हा चिपाड बुडवून पेट्रोल पाहिलं आणि या खेपेला चाकाच्या पट्ट्याला राळ चोळली. गाडी पळाली. मी चावडीवर सांगितलं, पट्टा निसटत होता. तिसऱ्या खेपेला चिपाड बुडवून झाल्यावर पेट्रोल जिथून फुंकलं जातं ते बारीक भोक साफ केलं. त्यासाठी घोड्याच्या शेपटीचा केस लागतो, आणि वाडीत घोडी एकच आहे. बबनरावांना मी नंतर सांगितलं. गाडी पळाली. चावडीवर मी त्याही गोष्टीचा खुलासा केला. लोक माना डोलवत होते. एकाच दुखण्यावर मला तीन रामबाण औषधं सापडली होती, आणि दुखणं कायम होतं, याचं मला तेव्हा फारसं काही वाटलं नाही.

आता दुसरी गोष्ट. आमच्या तळ्याचा बांध फुटून चार वर्षं झाली. बांध फुटला म्हणून तळं नाही, तळं नाही म्हणून खालचा आड आटतो, आणि आड आटला की बायकांनी ओढ्यापल्याडच्या विहिरीवर जायचं. दुरुस्तीची दरखास्त आम्ही दोनदा लिहिली. दोन्ही खेपेला बैलगाडीनं तालुकदारसाहेबांच्या मुक्कामी पोचेपर्यंत साहेबांचा तंबू उठून पुढच्या गावी गेलेला. दरखास्त कचेरीत ठेवून आलो, तर तिचं पुढं काय झालं कोणाला ठाऊक नाही. यंदा कळलं की साहेब धर्मापुरीला उतरलेत आणि मंगळवारी सकाळी दहाला परळीकडं निघणार आहेत. ही बातमी आम्हाला लागली मंगळवारीच, सकाळी सात वाजता. बैलगाडीनं जायची सोयच नव्हती. सगळी चावडी माझ्याकडं पाहू लागली. तीन औषधांचा धनी मी. मी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणालो, साडेआठला साहेबांच्या पुढ्यात उभा राहतो.

दरखास्त उर्दूत लिहून तयार होती, ती छातीशी ठेवली आणि गाडी सुरू करायला गेलो, तर तुमची बहीण सत्यभामा मागच्या लोखंडी जाळीवर घोंगडीची घडी टाकून उभी. मी विचारलं, हे काय. ती म्हणाली, "मी बी येनार." मी म्हणालो, हे सरकारी काम आहे, तिथं बायकांचं काय. त्यावर ती म्हणाली, "सायबानं इचारलं पानी किती लांबून आनता, तर तुमी काय सांगताल? तुमी कवा आनलंय?"

दादा, मी मातोश्रींकडं पाहिलं, तर त्यांनीच तिच्या हातात भाकरीची फडकी दिली. अशा रीतीनं तुमची बहीण चारचौघांदेखत माझ्यामागं फटफटीवर बसली. वाडीनं तोंडात बोटं घातली. एका हातानं तिनं माझा सदरा धरला होता आणि दुसऱ्या हातानं पदर, आणि वेशीबाहेर पडताना ती हसत होती, हे मला तिचं तोंड न पाहताही कळलं.

पहिला दीड कोस सुरेख गेला. मग चढ लागला, मी खटका पुरता दाबला, आणि गाडीनं मान टाकली. उतरलो. टोपण काढलं, चिपाड बुडवलं, टोपण लावलं, पलग घासला. गाडी निघाली, पाऊण कोसावर थांबली. टोपण काढलं, चिपाड बुडवलं, टोपण लावलं, राळ चोळली. निघाली, थांबली. आता घामानं माझा चष्मा धुरकटला होता. दूर धर्मापुरीची झाडं दिसत होती आणि ऊन बऱ्यापैकी वर आलं होतं. मी म्हणालो, वजन जास्त झालंय, तू उतर आणि चालत ये. हे बोलायला नको होतं, हे मला बोलतानाच कळलं. ती उतरली. पण चालू लागली नाही. धुऱ्यावर बसून माझ्या हाताकडं पाहत राहिली. मग म्हणाली, "आवो, तुमी दर खेपंला आदुगर काय करता?"

मी म्हणालो, पलग घासतो.

"त्याच्या आदुगर."

पट्टा पाहतो.

"त्याच्या बी आदुगर. तुमी टोपन काडता. टोपन काडलं की सूं असा आवाज येतो. पलग घासा, न्हाईतर नका घासू, टोपन काडल्यावर गाडी चालती." मग ती उठून टाकीजवळ आली आणि म्हणाली, "घासलेटाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल पडतं का? थेंब थेंब पडतं. वरून वारं जायला दुसरं भोक लागतं. हिला वारं कुठनं जातं?"

दादा, आता जे लिहितो ते फक्त तुमच्यासाठी आहे. टोपणाच्या मधोमध एक बारीक भोक होतं. गाडी घेतली त्याच आठवड्यात ते माझ्या नजरेला पडलं. मला वाटलं, साहेबानं फुटकं टोपण माझ्या गळ्यात मारलं. म्हणून मी सोनाराकडून त्यात लाख भरून घेतली, वरून घासून चकचकीत केली, आणि हे काम किती बेमालूम झालंय ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होतो. हळू चालवताना तेल थोडं लागतं, तेवढं उतरायचं. जोर मागितला की तेल जास्त लागायचं, आणि टाकीत वारं नसल्यामुळं ते उतरायचंच नाही. गाडीचं नाक मीच बंद केलं होतं, आणि वर तिला पळ म्हणत होतो.

मी ते सांगितलं. ती हसली नाही. तिनं कनवटीची काटा काढायची सुई घेतली, टोपण मांडीवर ठेवलं, लाख टोकरून काढली आणि भोकाला डोळा लावून उजेड पाहिला. मग टोपण माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "बसू का चालत येऊ?"

त्यानंतर जी गाडी सुटली तिचं वर्णन मला जमणार नाही. उरलेले दोन्ही चढ आम्ही खटका पुरता दाबून चढलो. रानातली माणसं खुरपी सोडून उभी राहिली. माझा पटका कुठंतरी उडाला, तो अजून मिळालेला नाही.

साहेबांचे तंबू उतरवून गाड्यांवर चढवत होते. साहेब स्वतः घोड्याच्या रिकिबीत पाय घालण्याच्या बेतात होते. फटफटीचा आवाज ऐकून त्यांनी पाय खाली घेतला (घोड्यानंच तो रिकिबीत घालू दिला नाही, असं म्हटलं तरी चालेल). मी दरखास्त पुढं केली. त्यांनी उभ्याउभ्या वाचली आणि विचारलं, "पानी कितने दूर से लाते?" मी ताठ उभा राहून म्हणालो, हुजूर, असेल अर्धा कोस. पेशकार ते लिहिणार, इतक्यात माझ्यामागून आवाज आला. "सायब, जाताना तीन हजार पावलं हाईत. येताना डोक्यावर दोन घागरी असत्यात, म्हनून मोजनं हुत न्हाई."

साहेबांनी पेशकाराला सांगितलं, की बाई जे बोलली ते शब्दाला शब्द दरखास्तीवर लिहा. त्याखाली सही केली. मी आजवर पुष्कळ लोकांच्या पुढं ताठ उभा राहिलो आहे, पण त्या दिवशी माझी छाती जी भरून आली ती स्वतःसाठी नव्हती. दहाव्या दिवशी ओव्हरसीयर आला, साखळ्या टाकून बांध मोजून गेला, आणि गेल्या सोमवारपासून मुरूम पडायला लागला आहे.

मंजुरीची खबर आली त्या दिवशी चावडीवर माझा सत्कार झाला. बबनरावांनी स्वतः हार घातला (घोडीच्या शेपटीबद्दल एक शब्द काढला नाही). मी उठून सांगितलं, की गाडीचं दुखणं सत्यभामेनं ओळखलं आणि साहेबांपुढं उत्तरही तिनंच दिलं, हा हार तिचा. लोक खो-खो हसले. मग बबनराव म्हणाले, पहा, एवढं मोठं काम करून माणूस किती नम्र आहे. आणि त्यांनी मला दुसरा हार घातला. मी पुन्हा तेच सांगितलं. लोक पुन्हा हसले. तिसरा हार शिल्लक नव्हता म्हणून मी खाली बसलो. दोन्ही हार घरी आणून तिच्यापुढं ठेवले, तर ती म्हणाली, फुलं ताजी आहेत, देवाला वाहते.

म्हणून हे पत्र. निदान केजेला तरी खरी हकीकत माहीत असावी. तुमची बहीण आमच्या घरी आली, हे मी आजवर सोयरीक म्हणून धरत होतो. आता माझं नशीब म्हणून धरतो. सासूबाईंना पत्र वाचून दाखवावं, लाखेचा मजकूर वगळून. वडिलांना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो वाढता ठेवावा.

तुमचा
बंकट

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. चावडी हसली ते हिच्या कानावर गेलं. तेव्हापासून रोज सकाळी ओढ्याकाठच्या माळावर ती गाडी चालवायला शिकते आहे. संक्रांतीला आम्ही माहेरी येत आहोत, आणि गाडी ती चालवणार आहे. माझी विनंती एवढीच, की तुम्ही कोणाला न कळू देता केजेच्या अलीकडं वडापाशी येऊन थांबावं आणि काहीतरी निमित्त काढून आम्हाला उतरवावं. म्हणजे वेशीतून आत शिरताना मी पुढं बसेन. तुमच्या गावात माझी थोडी पत आहे.

दुसरा ता. क. वरचा मजकूर मी पुटपुटत लिहीत होतो, तो तिनं ऐकला. ती म्हणते, दादाला वडापाशी बोलवायचं काही कारण नाही, थेट दारात येईन. तेव्हा तुम्ही येऊ नये. वाड्याचा मोठा दरवाजा मात्र दोन्ही फळ्या भिंतीला टेकवून सताड उघडा ठेवावा, आणि अंगणातली म्हैस त्या दिवशी परड्यात बांधावी. जोरात चालवणं तिला उत्तम येतं. थांबवणं अजून शिकवायचं आहे.