आलेल्याला मारू नये

ट्रॉय, मिशिगन
रविवार, १८ नोव्हेंबर २००७

चि. उल्हास,

आशीर्वाद. हा शब्द लिहिताना पेन अडखळलं, पण थोरल्याने धाकट्याला दुसरं काय लिहायचं ते आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. सौ. शरयूलाही सांग, ती ऐकून घेणार असेल तर. दिवाळी बरी गेली असेल. इकडे मालिनीचे अनारसे तुपात विरघळले आणि दोष नेहमीप्रमाणे अमेरिकन तांदळाला गेला. तिचा गुडघा तसाच आहे. ईशान बेलव्ह्यूला आहे, रविवारी फोन करतो आणि 'ऑल गुड, बाबा' म्हणून ठेवतो. थंडी पडली आहे, बर्फ अजून नाही.

दोन वर्षांत माझं एक पत्र नाही, आणि आलं ते कुत्र्याबद्दल, म्हणून हसशील. हास.

शॉपचं तुझ्या कानावर आलं असेलच. तू होतास तेव्हा लेथवर-बाकावर मिळून अठ्ठेचाळीस माणसं होती. आता सात आहेत, आणि तीही माझ्याकडे बघतात ती दवाखान्यात डॉक्टरकडे बघतात तशी. डेट्रॉइटच्या मोटार कंपन्यांना शिंक आली की आम्हा सुटे भाग करणाऱ्यांना न्यूमोनिया. अर्धी शेड भाड्याने दिली. मार्चमध्ये माझं घरी बसणं वाढलं, तेव्हा मालिनी म्हणाली, "अहो, भिंतींना कान लावून बसण्यापेक्षा काहीतरी पाळा. कुत्रं निदान ऐकलेलं सांगत तरी सुटत नाही."

ती कुठल्या भिंतीबद्दल बोलत होती ते तुला कळेल. त्यावर येतो. आधी कुत्रा.

डुएन तुला आठवत असेल. आमचा म्हातारा टूलमेकर, तू डबा उघडलास की वाकून बघायचा आणि भेंडी दिसली की तोंड वाकडं करून निघून जायचा. तो रिटायर झाला. बदकं आणि फेजंट मारतो, म्हणजे ते आपल्या रानकोंबड्यासारखे लांब शेपटीचे पक्षी. त्याच्या कुत्रीला आठ पिल्लं झाली, सात गेली, कुणी न नेलेलं आठवं मी आणलं. काळा लॅब्रॅडॉर. मालिनीने नाव ठेवलं ढब्या. डुएन त्याला 'डॅबी' म्हणतो, मला नेहमीप्रमाणे 'गुरू', आणि सांगतो, "गुरू, ह्याचं डोकं दगडाचं आहे आणि लक्ष फुलपाखराचं."

शिकारी कुत्रा म्हणजे वाघाच्या अंगावर जाणारा असं मला वाटायचं. तसं नसतं. गोळी बंदूकवाला झाडतो. कुत्र्याने शेजारी गप्प बसायचं, पक्षी कुठे पडला ते डोळ्यांत धरायचं, 'जा' म्हटल्यावरच जायचं आणि पक्षी तोंडात अलगद, दात न लावता, हातात आणून द्यायचा. सगळ्यात अवघड काय, तर गप्प बसणं. हे मी त्याला शिकवणार होतो. मी!

मार्चपासून रोज सकाळी डुएनच्या शेतामागच्या तळ्याकाठी. पक्ष्याऐवजी कॅनव्हासची गुंडाळी फेकायची, शिट्टी वाजवायची. ढब्या सुसाट निघायचा, वाटेत बेडूक भेटला की त्याच्याशी बोलायचा, बदकाची घाण हुंगायचा, आणि गुंडाळीसाठी गेला होता हे विसरून भलतंच घेऊन यायचा. एकदा एका बाईची लोकरी टोपी आणली. टोपीच्या मागून बाई आली. मी आपला 'सॉरी मॅम, सॉरी मॅम'.

डुएन हसायचा नाही. त्याचे नियम ठरलेले. "एकदाच सांग. दहादा सांगितलंस तर तो नऊदा न ऐकायला शिकतो." आणि, "जे करून घेता येणार नाही ते सांगूच नकोस." मी पस्तीस वर्षं माणसं कामाला लावली, मला कुणी असं शिकवलं नव्हतं. जिद्दीला पेटलो. ऑगस्टपर्यंत ढब्या दोन बार होईपर्यंत हलत नसे. नुसती कातडी थरथरायची, पण बूड जमिनीवर. मला इतका आनंद झाला की मी ईशानला फोन केला. तो म्हणाला, "दॅट्स ग्रेट, बाबा. यू नेव्हर हॅड दॅट मच पेशन्स विथ मी." हसून म्हणाला. मीही हसलो.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तळ्यावर रानहंसांचा थवा उतरला. ढब्या गेला. शिट्टी, हाका, सगळं व्यर्थ. वीस-पंचवीस मिनिटं तो त्यांना तळ्याभोवती पिटाळत होता. डुएनचे दोन मित्र त्यांचे शहाणे कुत्रे घेऊन आले होते, ते बघत होते. त्यांतला एक दुसऱ्याला हळूच काहीतरी म्हणाला. हळूच म्हणाला, पण माझे कान तुला ठाऊक आहेत. 'ह्या लोकांना कुत्री कळत नाहीत' असं काहीसं.

मग ढब्या थकला आणि माझी शिट्टी ऐकून आला. चिखलाने माखलेला, जीभ लोंबतेय, शेपटी हलतेय. येऊन माझ्या बुटांवर बसला. आणि मी हातातल्या पट्ट्याने त्याला मारलं. तीनदा.

डुएन जवळ आला आणि माझ्या गळ्यातली शिट्टी काढून स्वतःच्या खिशात टाकली.

"कशाबद्दल मारलंस?"

"पळाला म्हणून."

"नाही," डुएन म्हणाला. "पळाला ते तो कधीच विसरला. तू बोलावलंस आणि तो आला. त्याबद्दल तू त्याला मारलंस. कितीही उशिरा येवो, काहीही करून येवो, आलेल्याला मारायचं नसतं, गुरू."

उल्हास, त्या दिवसापासून ढब्या माझ्या हाकेवर येतो आणि दहा फुटांवर थांबतो. पुढे नाही. पळतही नाही. तिथे बसतो आणि माझ्या हातांकडे बघतो.

तुला काय आठवलं ते मला माहीत आहे. मलाही तेच आठवलं. शेवटचा महिनाभर तू बेसमेंटच्या जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा राहायचास, किचनमध्ये पाऊल न टाकता, आणि विचारायचास, "दादा, उद्या किती वाजता निघायचं?" आधी टेबलाशी बसून माझ्या ताटातली मिरची उचलणारा तू.

मी तुला बोलावलं होतं. एक्याण्णवमध्ये मीच तुझ्यासाठी ग्रीन कार्डाचा अर्ज केला, भावासाठी भाऊ. बारा वर्षांनी नंबर लागला तेव्हा आई अंथरुणावर होती. तू मुलाखत पुढे ढकललीस, तिचं सगळं केलंस, आणि ती गेल्यावर, बोर्डातली नोकरी सोडून, पंचेचाळिसाव्या वर्षी आलास. आणि विमानतळावर माझं पहिलं वाक्य काय होतं? "आलात एकदाचे! वर्षभर वाट बघायला लावलीत." सामान ढकलत तू हसलास. विद्युत मंडळात ज्याच्या हाताखाली तीस माणसं होती, त्याला मी लेथवर कातलेल्या भागांच्या धारा घासायला बसवलं. खालून सुरुवात करावी लागते, मीही केली, असं म्हणत. मी चोविसाव्या वर्षी केली होती.

हे तुला माहीत आहे. जे माहीत नाही ते आता लिहितो. तीन वेळा कागद फाडून झाला आहे.

तुम्ही बेसमेंटमध्ये राहायचात तिथे गरम हवेची भट्टी आहे, आणि तिची पत्र्याची नळी सरळ माझ्या टेबलामागे उघडते. खालचं बोलणं वर येतं. पहिल्या आठवड्यातच कळलं. सभ्य माणूस टेबल हलवतो. मी खुर्ची जवळ घेतली. सहा लेथ चालू असताना कुठल्या लेथचं बेअरिंग पुढच्या आठवड्यात जाणार ते मी दारात उभा राहून सांगायचो, त्याच कानांवर शॉप उभं राहिलं. घरी तेच कान लावून बसायला लागलो. मालिनीने दोनदा पाहिलं.

त्या गणपतीच्या चार दिवस आधी शरयू म्हणाली, "आई शेवटचा आठवडाभर दाराकडे बघत होत्या. दादांचं तेव्हा कसलं तरी मशीन सुरू व्हायचं होतं. तेराव्यालाही आले नाहीत. आणि उशिरा आलो म्हणून टोमणे आपल्याला!"

तुला वाटतं मी एवढंच ऐकलं. गणपतीला मराठी मंडळाच्या हॉलमध्ये, पंचवीस घरांतल्या माणसांसमोर, हातात प्रसादाचा द्रोण घेऊन मी एवढंच सांगितलं. "हा माझा भाऊ. बारा वर्षं फाइल चालली तेव्हा आला. आता नवरा-बायको तळघरात बसून माझ्यावर खटला चालवतात, आई मेली तेव्हा मी कुठे होतो म्हणून." विनोदी ढंगात, नक्कल करून. मला लोकांना हसवता येतं. लोक हसले. शरयूच्या हातात आरतीचं तबक होतं. ते तिने खाली ठेवलं, इतकं हळू की आवाज झाला नाही.

महिन्याभरात तुम्ही निघून गेलात.

पण नळीतून तुझं उत्तरही वर आलं होतं. तू म्हणालास, "असू दे गं. त्याला येता आलं नाही हे त्यालाच जास्त खुपत असणार. आईनेसुद्धा विचारलं तेव्हा मी सांगितलं, दादा निघालाय, विमानात आहे. ती ते ऐकूनच गेली. त्याने बोलावलं म्हणून आपण आलोय, त्याच्याच घरात बसून त्याला नावं ठेवायची नाहीत."

हे मी ऐकलं, उल्हास. शब्द न् शब्द. आणि चार दिवस ते घेऊन फिरलो. शरयूचं बोलणं मला सोसलं असतं, तिचं खरंच होतं. तू माझ्यासाठी आईशी खोटं बोललास आणि ते मला कधी सांगितलंही नाहीस, हे सोसलं नाही. तू मला माफ करून बसला होतास, माझ्या तळघरात, माझ्याच शॉपमध्ये धारा घासत. तेव्हा मी अर्धं लपवलं आणि अर्धं चारचौघांत दातांनी फोडून टाकलं. मालिनीलाही दुसरं अर्धं ह्या दिवाळीत सांगितलं. ती पणत्यांच्या वाती वळत होती, हातातली पुरी केली. मग म्हणाली, "आणि मी दोन वर्षं शरयूला मनात बोल लावत होते."

तुम्ही जाताना मी न बोलता तुमच्या परतीच्या परमिटचे फॉर्म भरून पाठवले होते, दोन वर्षं बाहेर राहिलात तरी ग्रीन कार्ड टिकावं म्हणून. त्या परमिटची मुदत नऊ नोव्हेंबरला संपली, नेमकी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. मला तारीख पाठ होती. ऑक्टोबरभर मी हे पत्र लिहू शकलो असतो. मुद्दाम लिहिलं नाही. आधी लिहिलं असतं तर तुला ती हाक वाटली असती, आणि मी तुला ओळखतो, तू आला असतास. मालिनीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे सुटलात." तिचंही चूक नाही. ह्यात चांगुलपणा किती आणि भित्रेपणा किती, ते वेगळं करायला मला जमलेलं नाही.

ढब्याचं पुढचं सांगतो. ऑक्टोबरच्या अखेरीस डुएनने त्याला पहिल्यांदा खऱ्या शिकारीला नेलं. मीही गेलो. फेजंट उडाला, बार झाला, मक्याच्या वाळलेल्या धाटांत पडला. ढब्या हलला नाही. 'जा' म्हटल्यावर नाकाच्या रेषेत गेला, वाटेत काही हुंगलं नाही, आणि पक्षी असा धरून आणला की एक पीस वाकडं नव्हतं. सात महिन्यांचं काम. मी हात पुढे केला. तो मला वळसा घालून गेला आणि पक्षी डुएनच्या हातात दिला. डुएनच लाजला. म्हणाला, "वारा त्या बाजूचा होता." वारा नव्हता.

डुएन म्हणतो, ज्या शब्दावर मार बसला तो शब्द जळतो, तो पुन्हा वापरायचा नाही. बोलवायचंच नाही. जमिनीवर बसायचं, पाठ करून, हात मांडीवर उघडे, आणि थांबायचं. मी रोज सकाळी मागच्या अंगणात तसा बसतो. ह्या वयात, ह्या थंडीत. शेजारच्या बाईला वाटतं मी ध्यान करतो. मागे त्याचे पंजे गवतावर वाजतात, मी मोजतो. परवा तीन फुटांपर्यंत आला. श्वास ऐकू आला. मग थांबला आणि परत गेला.

बारा जानेवारीचं माझं तिकीट आहे, नागपूरचं. एकटाच येतोय. कुत्रा डुएनकडे राहील, त्याला त्याचं काही वाटणार नाही. तुझ्या घरात उतरणार नाही, स्टेशनजवळ लॉज बघितलं आहे. तुझ्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानासमोर येऊन उभा राहीन. शरयूला दुसरं अर्धं तू सांगू नकोस, ते मला सांगायचं आहे, तिच्या तोंडावर, आणि चार माणसं असतील तर त्यांच्यासमोर. आईच्या खोलीत न्यायचं की नाही ते तिने ठरवावं.

मला कुणी बोलावलेलं नाही, आणि मी चार वर्षं उशिरा येतोय. आलेल्याला मारू नये हा डुएनचा नियम कुत्र्यांपुरता आहे. तू तो पाळू नकोस.

दहा फुटांवर थांबेन.

तुझा,
आईला सांगितलेल्या त्या विमानात कधीच न बसलेला,
दादा